फिलिपिनो वस्तीचं वार्तांकन : पहिल्या फेरीपासून छापील दुरुस्तीपर्यंत

कॅलिफोर्नियातल्या ज्या छोट्या साप्ताहिकात मी काही वर्षं काम केलं, तिथे फिलिपिनो माणसांच्या बातम्या ठरलेल्या असत. १२ जूनला त्यांच्या स्वातंत्र्यदिनी बांबूनृत्याचा फोटो. ऑक्टोबरात इतिहास महिन्यानिमित्त लुम्पियाची, म्हणजे त्यांच्या तळलेल्या रोलची, पाककृती. मधेच कधीतरी अपघात, हल्ला नाहीतर मृत्यू. आमच्या गल्लीत दर चार-पाच घरांमागे एक घर फिलिपिनो होतं, पण भाडेवाढ, शाळा, पाणीपट्टी, नगर परिषदेची निवडणूक या बातम्यांत त्यांच्यातलं कुणी बोलताना दिसत नसे. वाचणाऱ्याला वाटावं, ही माणसं एकतर नाचतात नाहीतर मरतात.

मी नवीन होते. "तूही आशियाईच आहेस, तुला जमेल," असं म्हणून संपादकांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. माझं फिलिपिन्सबद्दलचं ज्ञान म्हणजे मर्चंट नेव्हीतल्या मामेभावाने सांगितलेल्या बोटीवरच्या गमती, एवढंच. त्यानंतर चुका करत जे शिकले ते इथे मांडते आहे. अमेरिकेत-कॅनडात स्थानिक बातम्या लिहिणारी मराठी मुलंमुली आता दिसू लागली आहेत. त्यांना आणि पत्रकारिता शिकणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. उदाहरणं बहुतेक कॅलिफोर्नियातली आहेत, कारण पायाखालची वाट तीच.

आधी आपलीच रद्दी उपसा

वस्तीत जायच्या आधी कार्यालयातच दोन संध्याकाळी बसा. आपल्या अंकांच्या संग्रहात गेल्या वर्षभराच्या बातम्या शोधा. शोधशब्द एक पुरत नाही: फिलिपिनो हा शब्द इंग्रजीत 'एफ'ने आणि 'पी'ने अशा दोन्ही स्पेलिंगांनी घाला, शिवाय फिलिपीन्स, टागालोग (त्यांची मुख्य भाषा), पिनॉय (बोलीत ते स्वतःला म्हणतात तो शब्द). सापडलेली प्रत्येक बातमी एका तक्त्यात टाका. रकाने पाचच ठेवा: तारीख, विषय, कोण बोललं, कोणत्या नात्याने बोललं, फोटो कशाचा.

चौथा रकाना सगळ्यात बोलका निघतो. माझ्या तक्त्यात माणसं 'पीडिताची नातलग', 'नृत्यपथकाची प्रमुख' आणि 'उपाहारगृहाचा मालक' या तीन नात्यांनी बोलली होती. 'करदाता', 'पालक', 'भाडेकरू' म्हणून कुणीच नाही.

मग उलट बाजूने शोधा. रुग्णालय, वृद्धांची निवासगृहं, टपाल खातं, शाळा यांच्यावरच्या बातम्या काढा आणि त्यात किती फिलिपिनो माणसं बोलली ते मोजा. जिथे ती कामाला असतात तिथल्याच बातमीत ती गप्प असतील, तर तुमची पहिली पाच कामं तिथेच मिळाली.

आकडे : 'आशियाई' हा रकाना फोडा

२०२०च्या जनगणनेत अमेरिकेत फिलिपिनो वंशाचे लोक, मिश्र वंशाचे धरून, सुमारे ४४ लाख भरले. फक्त फिलिपिनो असं सांगणारे सुमारे ३१ लाख. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता वापरता ते बातमीत लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा कुणी दुसरा आकडा छापेल आणि वाचकाला वाटेल लोकसंख्या अचानक घटली. चिनी आणि भारतीय यांच्यानंतर आशियाई गटांत हा तिसरा मोठा गट आहे.

गावाचा आकडा काढायला जनगणना खात्याच्या वार्षिक सामुदायिक पाहणीचं संकेतस्थळ उघडा. बी०२०१५ या तक्त्यात फक्त एकच वंश सांगणारे मिळतात, बी०२०१८ मध्ये मिश्र वंशाचेही. घरी कोणती भाषा बोलतात ते सी१६००१ मध्ये आहे, तिथे टागालोगचा रकाना वेगळा असतो. छोट्या गावासाठी पाच वर्षांचे एकत्रित अंदाज घ्या, आणि शेजारी दिलेली कमीजास्त होण्याची मर्यादा वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. ४०० लोक आणि मर्यादा २५० असेल तर 'लोकसंख्या दुपटीने वाढली' हा मथळा विसरायचा. आणखी एक: फिलिपीन्स बेटांचा देश असला, तरी जनगणनेत तो आशियात मोजला जातो, 'पॅसिफिक बेटवासी' या गटात नाही. या घोळात मी एकदा चांगलीच सापडले होते.

हा खटाटोप का, ते परिचारिकांच्या उदाहरणावरून कळतं. नॅशनल नर्सेस युनायटेड या संघटनेने सप्टेंबर २०२०मध्ये कोविडने दगावलेल्या नोंदणीकृत परिचारिकांची मोजणी जाहीर केली. २१३ मृत्यूंपैकी ६७ फिलिपिनो, म्हणजे ३१.५ टक्के. अमेरिकेतल्या एकूण परिचारिकांत त्यांचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास. सरकारी तक्त्यांत 'आशियाई' असा एकच रकाना असल्याने हे दिसतच नव्हतं. संघटनेने बातम्या, मृत्युलेख, समाजमाध्यमं धुंडाळून नावं जमवली. स्थानिक बातमीदाराला हे आपल्या जिल्ह्यापुरतं करता येतं. जिल्हा आरोग्य विभागाला लेखी विचारा: वंशाची नोंद किती बारकाईने ठेवता, आणि ठेवत असाल तर छापत का नाही? कॅलिफोर्नियात आरोग्याची आकडेवारी गटवार फोडून देण्याबद्दलचा एबी १७२६ हा कायदा २०१६मध्येच झाला आहे. अर्जात त्याचा उल्लेख केला की उत्तर जरा लवकर येतं, हा माझा अनुभव.

आणि कारणही सांगा. इतक्या परिचारिका आल्या कुठून? परदेशी लोकांना प्रशिक्षणासाठी आणणारी १९४८पासूनची अमेरिकेची विनिमय योजना, आशियाई लोकांना दार उघडणारा १९६५चा स्थलांतर कायदा, आणि त्या आधीच्या अमेरिकी राजवटीत फिलिपीन्समध्ये निघालेली इंग्रजी माध्यमाची परिचर्या विद्यालयं. हे एक वाक्य नसलं की 'सेवाभावी वृत्तीचे लोक' असलं गुळमट काहीतरी त्या जागी येऊन बसतं.

गावाचा आणि वर्तमानपत्राचा जुना हिशोब

वॉटसनव्हिल हे कॅलिफोर्नियातलं शेतीचं गाव. जानेवारी १९३०मध्ये तिथे गोऱ्या जमावाने कित्येक दिवस फिलिपिनो शेतमजुरांवर हल्ले केले. मजुरांच्या निवाऱ्यावर झालेल्या गोळीबारात फर्मिन तोबेरा हा २२ वर्षांचा तरुण मेला. त्याच्या आधी काही दिवस एका स्थानिक न्यायाधीशाची फिलिपिनोंविरुद्धची विखारी वक्तव्यं गावच्या वर्तमानपत्राने छापली होती. नगर परिषदेने माफी मागितली ती २०२०मध्ये, ९० वर्षांनी.

तुमच्या गावात असं काही घडलं असेल किंवा नसेल, पण तुमच्या पत्राने त्या काळी काय छापलं ते बघून ठेवा. कॅलिफोर्नियातली बरीच जुनी वर्तमानपत्रं डिजिटल संग्रहात फुकट वाचता येतात, बाकीची ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर असतात. फिलिपिनो अमेरिकन नॅशनल हिस्टॉरिकल सोसायटी ही १९८२मध्ये सिॲटलमध्ये सुरू झालेली संस्था; तिच्या शाखा गावोगावी आहेत आणि स्टॉक्टनमध्ये संग्रहालय आहे. शाखेतले बहुतेक जण निवृत्त शिक्षक वगैरे. फोन केलात तर तासभर मोकळा ठेवा.

दोन प्रसंग पाठ असलेच पाहिजेत, कारण ते दर वर्षी कुणीतरी चुकवतं.

पहिला कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षमळ्यांचा संप. सीझर चावेझ यांनी तो सुरू केला असं सर्रास छापतात. ८ सप्टेंबर १९६५ला काम बंद केलं ते लॅरी इत्लियाँग यांच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो मजुरांनी. चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना १६ सप्टेंबरला त्यात उतरली, आणि पुढच्या वर्षी दोन्ही मिळून एक झाल्या. इत्लियाँग यांच्या नावाने २५ ऑक्टोबर हा दिवस कॅलिफोर्नियात पाळतात. संपाविषयीच्या कोणत्याही बातमीत त्यांचं नाव दुसऱ्या परिच्छेदाच्या आत आलं पाहिजे, असा मी माझ्यापुरता नियम केला होता.

दुसरा ॲन आर्बरचा. मिशिगनमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात १९७५च्या उन्हाळ्यात रुग्णांचे श्वास अचानक बंद पडू लागले, काही दगावले. एफबीआयने फिलिपिना नार्सिसो आणि लिओनोरा पेरेझ या दोन परिचारिकांवर बोट ठेवलं. पुरावा परिस्थितिजन्य. १९७७मध्ये त्या दोषी ठरल्या, त्याच वर्षाअखेर न्यायाधीशांनी फेरखटल्याचा आदेश दिला आणि १९७८मध्ये सरकारने खटलाच सोडून दिला. जुन्या परिचारिकांशी बोलताना हा विषय अजूनही निघतो. आरोपाला पहिलं पान आणि सुटकेला आतलं पान मिळालं की तो समाज पन्नास वर्षं लक्षात ठेवतो.

पहिली फेरी वही न काढता

कुठे जायचं? चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर, लोक आवारात रेंगाळतात तेव्हा. 'तुरो-तुरो' खाणावळीत, तुरो म्हणजे बोट दाखवणं, मांडलेल्या पदार्थांकडे बोट दाखवायचं आणि ताटात घ्यायचं. सीफूड सिटीसारख्या फिलिपिनो किराणा दुकानांच्या बाहेर. शाळेच्या व्यायामशाळेत चालणाऱ्या बास्केटबॉलच्या सामन्यांना, कारण बास्केटबॉल हा तिथला क्रिकेट आहे. डिसेंबरात १६ ते २४ तारखांना 'सिम्बांग गाबी'च्या, म्हणजे नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या, प्रार्थना असतात, त्या गर्दीत बातमीदार सहज मिसळून जातो. पण खरं तर फेब्रुवारीत जा. काहीही नसतं तेव्हा.

भेटल्यावर पहिला प्रश्न बहुधा त्यांच्याकडूनच येतो: "कुमाइन का ना?" म्हणजे जेवलात का. आपल्याकडेही दारातल्या माणसाला हेच विचारतात, तेव्हा मराठी माणसाला इथे अवघडायचं कारण नाही. खा. 'नको नको' एकदाच म्हणा.

एक गंमत. टागालोगमध्ये बातमीला 'बालिता' म्हणतात, आणि तो शब्द मलय भाषेतून तिथे पोचलेला, आपल्या 'वृत्त' आणि 'वार्ता'च्या संस्कृत घराण्यातला. 'गुरो' म्हणजे शिक्षक, 'मुखा' म्हणजे चेहरा. हे सांगितलं की खाणावळीतलं अख्खं टेबल शब्द जुळवायला बसतं. माझे निम्मे परिचय असे झाले.

सावधगिरी एकच: चर्चचे पुढारी आणि संघटनांचे अध्यक्ष लगेच भेटतात, छान बोलतात, आणि तुमची वही त्यांच्याच अवतरणांनी भरते. फिलिपिनो संघटना फुटण्यात आपल्या मंडळांच्या तोडीस तोड आहेत. एकाच गावात इलोकोस, पांगासिनान, बिसाया अशा फिलिपीन्समधल्या निरनिराळ्या भागांतल्या आणि भाषांच्या लोकांची वेगवेगळी मंडळं असतात. मार्च २०२५मध्ये फिलिपीन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेलं, तेव्हा परदेशातल्या वस्त्यांत कुठे निषेध झाले, कुठे पेढे वाटावेत असा आनंद. म्हणून 'फिलिपिनो समाजाचं म्हणणं आहे की' हे शब्द लिहायचेच नाहीत. कुणाचं म्हणणं, नावानिशी लिहा.

नावं

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

गार्सिया, रेयेस, सांतोस अशी आडनावं बघून उपसंपादक त्या माणसाला लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा, करून टाकतात. आमच्या पानावर हे झालंय. १८४९मध्ये स्पॅनिश गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी करवसुली सोपी व्हावी म्हणून आडनावांची यादीच काढली आणि ती गावोगाव वाटली. काही गावांत तर सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. म्हणून आडनावावरून वंश ठरवायचा नाही. विचारायचं.

मधलं नाव आपल्यापेक्षा उलट. आपल्या मधल्या नावात बाप किंवा नवरा असतो, त्यांच्या मधल्या नावात आईचं माहेरचं आडनाव. लग्न झालेली बाई नवऱ्याचं आडनाव लावते तेव्हा तिचं स्वतःचं माहेरचं आडनाव मध्ये सरकतं. 'मारिया लुझ' किंवा 'जॉन पॉल' हे बऱ्याचदा दोन शब्दांचं एकच पहिलं नाव असतं. दुसरा शब्द तोडून आद्याक्षर करू नका. 'देला क्रूझ' कुणी जोडून लिहितं, कुणी तीन तुकड्यांत. 'पेन्या'सारख्या आडनावात 'एन'वरची नागमोडी रेघ छापा, छपाईचं यंत्र कुरकुरलं तरी. म्हणून माझी पद्धत अशी की मुलाखत संपताना वही समोर करते आणि त्यांनाच त्यांच्या हाताने नाव लिहायला सांगते.

टोपणनावं वेगळीच. बेबी, बॉय, जुन, बाँगबाँग. सत्तरीच्या निवृत्त अभियंत्याला सगळं गाव 'बॉय' म्हणतं. गावच्या बातमीत पहिल्यांदा पूर्ण नाव आणि टोपणनाव दोन्ही द्या, नाहीतर ओळखणारेच ओळखणार नाहीत.

हाक मारताना 'कुया' म्हणजे दादा, 'आते' म्हणजे ताई. मराठी कानाला हे 'आत्या' ऐकू येतं आणि मी पहिल्या महिन्यात एका पंचविशीतल्या मुलीला मनातल्या मनात आत्या करून बसले होते. 'तितो' आणि 'तिता' काका-मावशी, 'लोलो' आणि 'लोला' आजोबा-आजी. वाक्यात 'पो' आला की 'अहो-जाहो' समजा. ही नाती बोलताना वापरा, बातमीत नको. मात्र ती स्वतः अवतरणात आली तर तशीच ठेवा.

'फिलिपिनो', 'फिलिपिना', 'पिनॉय', 'फिलिपिनेक्स' यांतलं काय लिहायचं? शेवटचा शब्द काही तरुणांना हवासा वाटतो, बऱ्याच ज्येष्ठांना खटकतो. विचारा आणि त्या माणसापुरतं तेच लिहा.

कागदपत्रं नसलेला माणूस आणि सहा खाटांचं घर

'टीएनटी' असा शब्द दबक्या आवाजात ऐकू येईल: 'तागो नांग तागो', लपत लपत राहणारा. होजे अंतोनियो वार्गास या फिलिपिनो पत्रकाराने, पुलित्झर मिळवलेल्या चमूतला असूनही, आपल्याकडे कागदपत्रं नाहीत हे २०११मध्ये स्वतःहून जाहीर केलं. ते त्यांनी ठरवलं होतं. तुमच्या समोरच्या शुश्रूषासेविकेने ठरवलेलं नाही. म्हणून स्थलांतराचा दर्जा बातमीला आवश्यक नसेल तर विचारूच नका. आवश्यक असेल तर वही मिटून आधी सांगा: बातमी इंटरनेटवर कायम राहील, मालक नाव शोधेल, संपादकाला तुमचं खरं नाव माहीत असेल, आणि एकदा छापल्यावर ती मागे घेणं अवघड आहे. मग विचारायला एक दिवस द्या. दुसऱ्या दिवशी नकार आला तर तो नकार.

कॅलिफोर्नियात साध्या घरांत सहा-सहा वृद्धांची निवासगृहं चालतात. काम करणाऱ्या बऱ्याच फिलिपिनो, आणि मालकही पुष्कळदा फिलिपिनोच. रात्रपाळीचे पैसे न देणं ही जुनी तक्रार. या बातमीचा क्रम असा ठेवा: आधी राज्याच्या समाजसेवा खात्याच्या परवाना विभागाच्या संकेतस्थळावर त्या घराचे तपासणी अहवाल वाचा, मग कामगार आयुक्तांकडे दंडाचे आदेश आहेत का पाहा, मग कामगारांशी बोला, शक्यतो कामाच्या जागेपासून लांब, हजेरीच्या नोंदी, पगाराच्या पावत्या, फोनवरचे संदेश स्वतः बघा, शेवटी मालकाला सगळे मुद्दे लेखी पाठवा आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या. क्रम उलटा केलात, मालकाला आधी फोन केलात, तर पावत्या दुसऱ्या दिवशी गायब झालेल्या असतात. आणि मालक-कामगार एकाच चर्चचे असले की बातमीनंतर कामगारालाच चर्च बदलावं लागतं. हे तिला आधी सांगा.

आकांताच्या दिवशी

२६ एप्रिल २०२५ला कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये लापू-लापू दिनाच्या जत्रेत एकाने गाडी गर्दीत घातली आणि ११ जण गेले. लापू-लापू हा फिलिपीन्समधल्या माक्तान बेटाचा सरदार. २७ एप्रिल १५२१च्या तिथल्या लढाईत स्पेनसाठी आलेला दर्यावर्दी मॅगेलन मारला गेला. ज्या पत्राने वर्षभर या वस्तीकडे पाहिलेलं नसतं, त्याच्या बातमीदाराला त्या रात्री हे नाव प्रथमच शोधावं लागतं.

अशा दिवशी पहिल्या तासात वंशावर, हेतूवर काहीही अंदाज छापू नका. पोलिसांनी काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, दोन्ही लिहा. नातलगांच्या दारात जाण्याआधी वस्तीतला एखादा ओळखीचा माणूस मधे घाला, आणि दार लोटलं तर परत फिरा. मृतांची नावं कुटुंबाकडून किंवा अधिकाऱ्यांकडून आल्यावरच. समाजमाध्यमावरून उचललेला फोटो विचारल्याशिवाय नको. 'चिवट समाज पुन्हा उभा राहिला' हा मथळा दुसऱ्या दिवशी हमखास सुचतो, तो खोडा. फिलिपीन्समधल्या नातलगांना बातमी तुमच्याच पानावरून कळू शकते, तिथे तेव्हा दुसरा दिवस उजाडलेला असतो.

छापून झाल्यावर

फिलिपिनोंची स्वतःची वर्तमानपत्रं आहेत. 'फिलिपीन न्यूज' १९६१पासून सॅन फ्रान्सिस्कोतून निघालं; लॉस एंजेलिसचं 'एशियन जर्नल' १९९१चं. तुम्हाला सापडलेली बातमी आधी त्यांच्याकडे आली असेल तर तसं लिहा. आपल्याला नव्याने कळलेली गोष्ट नवीन असते असं नाही.

छापील अंक स्वतः घेऊन जा, दुवा पाठवून मोकळे होऊ नका. मी खाणावळीवर लिहिलेली पहिली बातमी घेऊन गेले, तेव्हा तिथल्या आतेने ती गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवली आणि मग शांतपणे सांगितलं की स्वयंपाकीण गुणगुणत होती ते गाणं टागालोग नाही, बिसाया आहे. पुढच्या अंकात पान दोनवर चार ओळींची दुरुस्ती आली. पुढच्या खेपेला गेले तर तीही कापून भिंतीवर लावलेली होती, बातमीच्या शेजारी, आणि तिच्याखाली स्वयंपाकिणीने पेनाने आपलं आडनाव लिहून ठेवलं होतं. बातमीत ते मी द्यायचं विसरले होते.